धान्याचें यंत्र आणि दूरची कळ

(मुंबई केंद्रावरून झालेलें भाषण)



माझें सारें आयुष्य कुर्ल्यांत गेलें. माझ्या लहानपणीं आमच्या गल्लीच्या तोंडाशीं एक पिठाची गिरणी होती. आईनें दिलेला ज्वारीचा डबा घेऊन मी तेथें जात असें आणि आपली पाळी येईपर्यंत पिठानें पांढऱ्या झालेल्या बांकावर बसून त्या यंत्राकडे पाहत असें. वरच्या नसराळ्यासारख्या पेटींत धान्य पडे, जातें घरघरे आणि खालच्या कापडी पिशवींतून ऊन ऊन पीठ डब्यांत उतरे. गिरणीवाल्यांना आम्ही मुलें मामा म्हणत असूं. १९७० च्या सुमाराची गोष्ट. पावसाळ्यांतील एका संध्याकाळीं वीज गेली आणि पट्टा थांबला. मामांनीं कंदील लावला, आणि रिकामें बसण्यापेक्षां पट्ट्याखालीं सांचलेलें पीठ झाडावें म्हणून हात आंत घातला. भिंतीवरील बटण तसेंच चालू राहिलें होतें. वीज आली, पट्टा फिरला आणि मामांच्या उजव्या हाताचीं दोन बोटें गेलीं.

मी तेथेंच उभा होतों. बटण माझ्यापासून चार पावलांवर होतें. पण तें माझ्या हाताच्या फार वर होतें, आणि हात पोहोंचला असता तरी काय दाबावें हें मला ठाऊक नव्हतें. कांहीं महिन्यांनीं मामा डाव्या हातानें वजनें उचलूं लागले. मीं धीर करून त्या संध्याकाळीविषयीं विचारलें. ते एवढेंच म्हणाले, "बाळ, वीज गेली कीं बटण बंद करायचं, हें मला रोज ठाऊक होतं. त्या दिवशीं तेवढं राहून गेलं."

आजचा माझा विषय म्हणजे ह्या एका वाक्याचा विस्तार आहे. धान्य हलविणारें यंत्र दुरून चालू करतां यावें व दुरूनच बंद करतां यावें, अशी सोय आतां साध्या शेतकऱ्याच्याही आवाक्यांत आली आहे. ही सोय चांगली कीं वाईट, असा प्रश्न करणें व्यर्थ आहे, ती येणारच. पण माणसाचा हात धान्यापासून दूर दूर कसा गेला, आणि हात दूर गेल्यावर धान्याजवळ राखणीला कोण उरलें, हा इतिहास ध्यानांत घेण्यासारखा आहे.

धान्य सांठविण्याचीं आपलीं साधनें फार जुनीं आहेत. कामट्यांची विणलेली व शेणमातीनें लिंपलेली कणगी, जुन्या वाड्याच्या भिंतींत बांधलेलें बळद, आणि जमिनींत खोल खणलेलें पेव. एखाद्या गोष्टीचें 'पेव फुटलें' असें आपण शहरांतही सहज म्हणतों. पण ज्यानें पेव पाहिलें आहे असा मनुष्य आतां विरळा. सांगलीजवळ, कृष्णा आणि वारणा ह्यांच्या संगमावर, हरिपूर म्हणून गांव आहे. तेथील मातीचा गुण असा कीं तींत खणलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षें टिकत असे. हरिपूरचीं हळदीचीं पेवें सर्व व्यापाऱ्यांस ठाऊक होतीं. २००५ च्या महापुरानें त्यांचें फार नुकसान झालें, तरी त्यांची कीर्ति अजून पुसली गेलेली नाहीं.

पेवाला यंत्र नव्हतें. पण धोका होता. धान्य हें सजीव आहे, तें श्वास घेतें. बंद पेवांतील प्राणवायु अशा रीतीनें संपत जातो आणि माणसाला घातक असा जड वायु तळाशीं सांचून राहतो. पेव उघडतांच जो घाईनें आंत उतरला तो पुष्कळदां वर आलाच नाहीं. म्हणून जाणत्या लोकांचा रिवाज ठरलेला होता. झांकण काढून पेव कांहीं वेळ मोकळें ठेवावयाचें. मग पेटता कंदील दोरीनें खालीं सोडावयाचा. तो विझला तर उतरावयाचें नाहीं. आणि उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून त्याचें टोंक वर उभ्या असलेल्या माणसाच्या हातांत द्यावयाचें. वरचा हा मनुष्य कांहीं काम करीत आहे असें दिसत नसे. तो नुसता खालीं पाहत उभा असे. परंतु काम थांबविण्याचा अधिकार त्याच्याकडे होता आणि त्याची नजर आंतल्या माणसावर होती. पुढें यंत्रें आलीं तेव्हां ह्या दोन गोष्टींची फारकत झाली. थांबविणारा हात एकीकडे गेला आणि पाहणारी नजर दुसरीकडे राहिली. सर्व अनर्थाचें मूळ येथें आहे.

आतां यंत्राकडे वळूं. धान्य उचलणाऱ्या यंत्राचा आत्मा म्हणजे मळसूत्र, ज्याला आपण व्यवहारांत स्क्रू म्हणतों. नळींत बसविलेलें लांब मळसूत्र फिरविलें म्हणजे खालचा पदार्थ त्याच्या पात्यांवरून सरकत सरकत वर चढतो. पाणी चढविण्याच्या अशा साधनाला इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांतील आर्किमिडीज ह्या ग्रीक पंडिताचें नांव मिळालें आहे. धान्याच्या कामाला तें चांगल्या रीतीनें जुंपलें तें अमेरिकेंतील ऑलिव्हर एव्हान्स ह्या कल्पक गृहस्थानें. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यानें अशी पिठाची गिरणी उभी केली कीं पट्ट्यावर बसविलेल्या लहान बादल्या धान्य वर नेत, आडवें मळसूत्र तें पुढें ढकली, आणि दळण सुरू झाल्यापासून पीठ तयार होईपर्यंत कोणाला पोतें उचलावें लागत नसे. १७९० सालीं त्याला ह्या योजनेचें पेटंट मिळालें; अमेरिकेच्या सरकारनें दिलेलें तें तिसरेंच पेटंट होय. पुढें १८४२ सालीं बफेलो येथें जोसेफ डार्ट ह्यानें वाफेच्या जोरावर जहाजांतील धान्य उंच कोठारांत चढविणारें यंत्र उभारलें, आणि पाठीवर पोतीं वाहणाऱ्या हमालांचें काम बादल्यांच्या माळेकडे गेलें. विसाव्या शतकाच्या मध्यास चाकांवर बसविलेली मळसूत्राची नळी कॅनडा व अमेरिकेंतील शेताशेतांवर दिसूं लागली. नळीचें खालचें टोंक धान्यांत खुपसावें, वरचें टोंक कोठाराच्या तोंडाशीं न्यावें आणि मोटर चालू करावी. जें काम चार माणसें दिवसभर करीत तें तासाभरांत होऊं लागलें.

परंतु ह्या उपकारी यंत्राचे दोन धोके आहेत. पहिला उघड आहे. नळीच्या तोंडाशीं पातें उघडें असतें आणि त्यांत हात, पाय वा कपडा सांपडतो. दुसरा धोका छुपा आहे. गोल कोठारांतील धान्य तळांतून ओढलें जाऊं लागलें म्हणजे वरच्या पृष्ठभागावर भोंवऱ्यासारखा खळगा पडतो व सारें धान्य मध्याकडे वाहूं लागतें. त्या वेळीं आंत कोणी उभा असेल तर चार-पांच सेकंदांत त्याचे पाय असे रुततात कीं त्यांतून त्यास स्वतःस सुटतां येत नाहीं, आणि वीस-पंचवीस सेकंदांत तो डोक्यासकट बुडतो. धान्य पाण्यासारखें वाहतें. पण त्यांत पोहतां येत नाहीं. कमरेपर्यंत रुतलेल्या माणसाला वरून ओढावयास गेलें तर धान्याचा विळखा इतका घट्ट असतो कीं शरीरालाच इजा व्हावी.

मग मनुष्य आंत जातोच कां? ओल्या धान्याचे थर एकमेकांस चिकटतात, तळाचें भोंक बुजतें, यंत्र नुसतें गरगरतें व बाहेर कांहीं पडत नाहीं. म्हणून एकजण काठी घेऊन आंत उतरतो आणि ढोसूं लागतो. बाहेर मालमोटारीपाशीं उभा असलेला दुसरा मनुष्य, आंत कोणी आहे हें न जाणतां, कळ दाबतो. दोघेही आपापलें काम प्रामाणिकपणें करीत असतात. अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठ अशा अपघातांची नोंद पुष्कळ वर्षें ठेवीत आलें आहे, आणि २०१० ह्या एका वर्षांत त्या नोंदींत माणसें धान्यांत सांपडल्याचे पन्नासांहून अधिक प्रसंग आले. धान्याच्या मोठ्या कोठारांसाठीं त्या देशानें १९८७ च्या अखेरीस नियम केला कीं, मनुष्य आंत उतरण्यापूर्वीं धान्य हलविणारें यंत्र बंद करून त्याची कळ कुलपानें वा अन्य उपायानें अडकवून ठेवली पाहिजे. हरिपूरच्या पेवावर दोर धरून उभा असलेला मनुष्य आणि हें कुलूप ह्यांचें काम एकच आहे.

हें सारें परक्या देशाचें झालें, असें कोणी म्हणेल. म्हणून पुन्हां कुर्ल्याला येऊं. जमशेटजी टाटांनीं १८८६ सालीं येथील एक डबघाईला आलेली गिरणी विकत घेऊन तिला स्वदेशी मिल असें नांव दिलें. ती गिरणी आतां बंद आहे. त्या काळच्या कापडगिरण्यांत एक मोठें वाफेचें इंजिन असे. त्याची शक्ति दोरांनीं व दांड्यांनीं मजल्यामजल्यावर नेलेली असे आणि दांड्यावरील पट्ट्यांनीं शेंकडों यंत्रें फिरत. एका कामगाराचा हात पट्ट्यांत सांपडला तर इंजिनाच्या खोलींत बसलेल्या माणसाला त्याचा पत्ता कोठून लागणार? पाहणारा येथें, आणि थांबविणारा भिंतीपलीकडे.

१९१५ सालीं खोपोलीच्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळूं लागली आणि ह्या बाबतींत मोठी क्रांति होण्याची वाट मोकळी झाली. एका इंजिनाच्या जागीं हळूहळू प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर आली आणि मोटरजवळ स्वतःचें बटण आलें. पुढें १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २४ व्या कलमानें असें ठरविलें कीं, कारखान्यांतील प्रत्येक कामाच्या खोलींत संकटाच्या वेळीं यंत्राची शक्ति तोडण्याची योग्य सोय असलीच पाहिजे. १९७६ सालीं त्यांत भर पडली. कळ चुकून 'बंद' वरून 'चालू' वर सरकण्याजोगी असेल, तर ती बंद स्थितींत अडकवून ठेवण्याची व्यवस्था हवी, असें सांगण्यांत आलें. हे शब्द कोरडे आहेत. पण कोणाच्या तरी बोटांची किंमत देऊन ते लिहिले गेले आहेत. तथापि तो कायदा कारखान्यांचा होता; शेतांतील कोठाराच्या दारापर्यंत त्याचा हात पोहोंचत नव्हता.

विजेच्या बटणाची घडण समजून घेणें कठीण नाहीं. मोटरच्या पेटीवर एक हिरवें व एक तांबडें अशीं दोन बटणें असतात. हिरवें क्षणभर दाबलें कीं आंतील विद्युच्चुंबक ओढला जातो आणि मोटरची वीज जोडली जाते. त्याच क्षणीं तो चुंबक स्वतःसाठीं एक बाजूची वाट जोडून घेतो, म्हणून बोट काढलें तरी यंत्र चालूच राहतें. तांबडें बटण ह्या वाटेंत आधींपासून जोडलेलें असतें. तें दाबलें कीं वाट तुटते व चुंबक सुटतो. वीज गेली तरी चुंबक सुटतो; आणि ती परत आली तरी कोणी हिरवें बटण दाबल्यावांचून तो पुन्हां जुळत नाहीं. आमच्या मामांच्या भिंतीवर हें साधन असतें तर त्यांचीं बोटें वांचलीं असतीं.

ह्या रचनेंत एक मोठा गुण आहे. तांबडीं बटणें एकाच तारेंत माळेप्रमाणें हवीं तितकीं ओंवतां येतात. एक शिडीपाशीं, एक कोठाराच्या दाराशीं, एक मालमोटार उभी राहते तेथें. कोणतेंही दाबा, यंत्र थांबतें. इतकेंच नव्हे, तर ती तारच कोठें तुटली तरी यंत्र थांबतें. म्हणजे बिघाडाचा परिणाम अपघातांत होत नाहीं, विश्रांतींत होतो. मुंबईच्या लोकलचा मोटरमन ज्या मुठीवर हात ठेवून गाडी चालवितो तिचें तत्त्व हेंच आहे. हात सुटला तर गाडीची वीज तुटते व ब्रेक लागतात. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं देशांतील पहिली विजेची आगगाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून आमच्या कुर्ल्याला आली, म्हणून हें उदाहरण देण्याचा कुर्लेकरास थोडा अधिक हक्क आहे, असें मी समजतों.

आतां तारेचाही आधार सुटला. १८९५ सालीं जगदीशचंद्र बोस ह्यांनीं कलकत्त्यास मधल्या भिंती ओलांडून जाणाऱ्या अदृश्य लहरींनीं दूरची घंटा वाजवून दाखविली. १८९८ सालीं निकोला टेस्ला ह्यानें न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत पाण्यावरील लहानशी नौका तारेवांचून चालविली व वळविली. ज्या लहरींवरून माझा आवाज आपल्या घरांत येत आहे त्यांच्याच जातीच्या लहरींनीं आज शेतांतील मोटर चालते.

ह्या कामीं महाराष्ट्रानें स्वतःची भर घातली आहे. शेतीपंपाला वीज मिळे ती पुष्कळदां अपरात्रीं, आणि तीही केव्हां जाईल ह्याचा नेम नसे. अंधारांत, चिखलांत, सापाकिरड्यांतून शेतकऱ्यानें विहिरीवर जावें आणि वीज नाहीं म्हणून तसेंच परत यावें, हा नित्याचा अनुभव. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल ह्यांनीं आपल्या आजोबांची अशीच पायपीट पाहिली होती. त्यांनीं 'नॅनो गणेश' नांवाचें साधन तयार केलें. तें पंपाच्या पेटीला जोडलें म्हणजे शेतकऱ्यानें घरून भ्रमणध्वनि लावावा, वीज आहे कीं नाहीं हें आवाजाच्या खुणेवरून ओळखावें आणि पंप चालू वा बंद करावा. २००९ सालीं नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेंत ह्या साधनाला पारितोषिक मिळालें. शेतकऱ्याची झोंप आणि प्रसंगीं त्याचा जीव वांचविणारी ही युक्ति आहे. तिचें मोल मी कमी लेखीत नाहीं.

पण त्याच शेतावर दुसरीही एक वस्तु आढळते. तिला 'ऑटो स्विच' म्हणतात. वीज परत येतांच ती पंप आपोआप चालू करते. म्हणजे त्या विद्युच्चुंबकानें जें शहाणपण दाखविलें होतें तें ही वस्तु पुसून टाकते. एका रोहित्रावरचे सारे पंप एकदम सुरू होऊन रोहित्र जळतें, हा तोटा वीजमंडळी सांगतच आल्या आहेत. मला दुसऱ्या तोट्याचें भय अधिक वाटतें. विहिरींत सहसा मनुष्य नसतो, म्हणून पाण्याच्या पंपाला ही चूक बहुधा पचते. धान्याच्या मळसूत्राला ती पचणार नाहीं.

आणि मळसूत्राचा काळ आतां आपल्याही दाराशीं आला आहे. पंजाबांत मोगा व हरियाणांत कैथल येथें प्रत्येकीं दोन लाख टनांचीं पोलादी कोठारें उभीं आहेत. तेथील गहूं पोत्यांत न भरतां, वरून भरावयाच्या व खालून रिता करावयाच्या खास डब्यांतून नव्या मुंबईच्या कोठारापर्यंत येण्याची योजना ह्या शतकाच्या पहिल्या दशकांत अमलांत आली. तेथें कळी एका खोलींत आणि धान्य दुसरीकडे. मोठ्या संस्थांजवळ शिकलेले अभियंते असतात, नियमांच्या वह्या असतात. मला चिंता आहे ती लहान कोठारवाल्याची. बाजारांत थोडक्या रुपयांना मिळणारें दूरनियंत्रणाचें साधन आणून तो आपल्या मळसूत्राला जोडील आणि मालमोटारीवर बसल्या बसल्या यंत्र चालू होतें म्हणून खूष होईल.

त्याला माझें सांगणें चार वाक्यांत मावेल. चालू करण्याची कळ एकच असावी आणि ती जेथून कोठाराचें तोंड दिसतें तेथूनच वापरावी. बंद करण्याच्या कळा मात्र जितक्या लावतां येतील तितक्या लावाव्या. वीज येऊन गेली वा लहरींचा संबंध तुटला, तर यंत्रानें थांबावें आणि पुन्हां मनुष्याच्या आज्ञेची वाट पाहावी. म्हणून नवें साधन जोडतांना त्यानें हिरव्या बटणाप्रमाणें क्षणभरच स्पर्श करावा. तें कायमचें दाबून धरणारें साधन असेल तर वीज येतांच यंत्र न विचारतां फिरूं लागेल. आणि आंत उतरावयाचें असेल तेव्हां दूरच्या बटणावर विसंबूं नये. मुख्य कळ बंद करून तिला कुलूप घालावें व किल्ली उतरणाऱ्याच्याच खिशांत ठेवावी.

शहरांतील श्रोत्यांना वाटेल कीं आमच्या घरीं ना कोठार ना मळसूत्र. पण आपल्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टांकी आहे, आणि ती धुवायला मनुष्य आंत उतरतो. पुष्कळ घरांत आतां घरघंटी आली आहे. तिचें दार उघडतांच ती थांबते, अशी सोय अनेक घरघंट्यांत असते. गैरसोय होते म्हणून ती सोय कोणी कारागिराकडून काढून घेऊं नये. आणि हल्लीं भ्रमणध्वनीवरून घरांतील यंत्रें चालू करण्याची हौस वाढली आहे. कचेरींत बसून तें बटण दाबण्यापूर्वीं, त्या यंत्राजवळ ह्या क्षणीं कोण आहे, एवढा प्रश्न स्वतःला विचारावा. उत्तर ठाऊक नसेल तर बटण दाबूं नये. थांबविण्यासाठीं मात्र हा प्रश्न विचारण्याची गरज नाहीं. थांबवावें, आणि मग चौकशी करावी.

मामा आतां नाहींत. त्यांच्या गिरणीच्या जागीं दुसरेंच दुकान आहे. शाळेंत असतांना दरवर्षीं विजेचा धडा आला कीं मी मुलांना फळ्यावर दोन बटणें काढून दाखवीत असें, एक हिरवें, एक तांबडें, आणि विचारीत असें कीं ह्यांतलें आधीं कोणतें शिकावें. मुलें बहुधा हिरवें म्हणत. मी तांबड्याखालीं रेघ ओढीत असें. त्यावेळीं माझ्या डोळ्यांपुढें चार पावलांवरचें, हाताला न पोहोंचणारें तें बटण असे.